मैदानावर एक बेकायदा खेळाडू आहे!

कापूस वेचणी काय असते हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सिल्लोड, फुलंब्री, पैठण, कुठल्याही रस्त्याला लागा. कमरेला झोळी बांधलेल्या बाया ओळीने वाकलेल्या दिसतात. मजुरी किलोवर. त्यामुळे शाळेतलं लेकरू सोबत आलं तर चार किलो जास्त भरतात. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात ते वेगळंच.

म्हणून आज ज्या माणसाबद्दल लिहितोय तो अमेरिकेतला असला, खेळ बास्केटबॉल असला, तरी त्याची सुरुवात आपल्याला परकी वाटणार नाही. त्याचं नाव स्पेन्सर हेवूड. जन्म २२ एप्रिल १९४९, मिसिसिपी राज्यातलं सिल्व्हर सिटी. नावात चांदी, शिवारात कापूस. दहा भावंडं. वडील त्याच्या जन्माच्या काही आठवडे आधीच वारले. आई युनिस कापूस वेचायची, लोकांच्या घरची कामं करायची, आणि पोरगं चालायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तेही तिच्या मागे शेतात.

तो भाग म्हणजे मिसिसिपीचा डेल्टा. काळी कसदार जमीन, गोरे जमीनदार, काळे मजूर. याच डेल्टात १९५५ साली एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला, गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला या आरोपावरून मारून नदीत टाकलं होतं, आणि आरोपी कोर्टातून निर्दोष सुटले होते. हेवूड तेव्हा सहा वर्षांचा. त्या पिढीतल्या काळ्या पोरांना भविष्य म्हणजे काय, तर उत्तरेकडची गाडी पकडणं. आपल्याकडे जसं वाळूज नाहीतर पुणे, तसं तिकडे शिकागो आणि डेट्रॉइट.

हेवूडही गेला. आधी शिकागो, मग डेट्रॉइट. तिथं पर्शिंग हायस्कूलमध्ये त्याला विल रॉबिन्सन नावाचे कोच भेटले. रॉबिन्सन स्वतः काळे, शिस्तीचे कडक, आणि पोरांचं घरदार, खाणंपिणं, अभ्यास सगळ्यात लक्ष घालणारे. हेवूडला एका कुटुंबात राहायची सोय झाली. १९६७ साली पर्शिंगने राज्य अजिंक्यपद जिंकलं. पोरगा साडेसहा फुटांच्या वर गेला होता आणि उंच असूनही हरणासारखा पळायचा.

पुढचं वर्ष कोलोरॅडोतल्या एका छोट्या ज्युनियर कॉलेजात. सरासरी सामन्याला २८ गुण आणि २२ रिबाउंड. (रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू बास्केटखाली उडी मारून ताब्यात घेणं. सामन्यात १० घेतले तरी कौतुक होतं. २२ म्हणजे दुसऱ्यांनी नुसतं बघत उभं राहायचं.)

मग आलं १९६८ चं मेक्सिको ऑलिम्पिक. याच ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली होती, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या वर्षी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कॉलेज खेळाडूने, ल्यू अल्सिंडरने (पुढे करीम अब्दुल-जब्बार), ऑलिम्पिक संघापासून लांब राहायचं ठरवलं. आणखीही काही मोठी नावं नव्हती. अमेरिका यंदा हरणार, अशी कुजबुज होती. १९ वर्षांच्या हेवूडने संघातर्फे सर्वाधिक गुण केले, अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला हरवलं आणि सुवर्णपदक घेऊन तो परत आला.

परत येऊन डेट्रॉइट विद्यापीठ. १९६८-६९ च्या हंगामात सामन्याला ३२ गुण, आणि रिबाउंडमध्ये अख्ख्या देशात पहिला. आता तो नुसता चांगला खेळाडू नव्हता, कॉलेज बास्केटबॉलचा स्टार होता. हॉल भरायचे, तिकिटं खपायची, पेपरात फोटो यायचे.

आणि आई? आई अजून मिसिसिपीतच होती, तीच कामं करत.

इथं जरा थांबून अमेरिकेतली व्यवस्था समजून घ्यावी लागेल, कारण आपल्याकडचं आंतरमहाविद्यालयीन मैदान आणि तिकडचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे विद्यापीठाच्या स्पर्धेला प्रेक्षक म्हणजे दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि चहावाला. तिकडे कॉलेज बास्केटबॉल हा मोठा धंदा. हजारोंची स्टेडियम, टीव्हीचे हक्क, कोचला तगडा पगार. फक्त ज्याच्यासाठी लोक येतात त्या खेळाडूला पैसे घ्यायला मनाई. त्याला फी माफ, राहणं-जेवण माफ, बस्स. कारण तो ‘हौशी’ आणि ‘विद्यार्थी’.

बरं, मग त्याने कॉलेज सोडून सरळ व्यावसायिक खेळावं ना? तर तेही नाही. एनबीए या मुख्य व्यावसायिक लीगचा नियम होता की शाळेची बॅच बाहेर पडल्यापासून चार वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही संघात घ्यायचं नाही. कारण सांगायचे शिक्षणाचं. पोरांनी डिग्री घ्यावी, मग कमवावं. ऐकायला किती छान! पण हिशेब मांडून बघा. कॉलेजला चार वर्षं फुकट स्टार मिळतो. लीगला चार वर्षं फुकट रोपवाटिका मिळते. खत-पाणी दुसऱ्याचं, नाव झालेला तयार खेळाडू आपला. तोटा एकाच माणसाचा, जो घाम गाळतो त्याचा. आणि त्याचा गुडघा तिसऱ्या वर्षी गेला तर डिग्रीही नाही आणि पैसाही नाही.

हेवूडने १९६९ साली दुसरं दार शोधलं. त्या वेळी एबीए नावाची नवी प्रतिस्पर्धी लीग होती. त्यांनी घरच्या हलाखीची सवलत काढली होती. घर चालवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला चार वर्षं थांबायची गरज नाही. कॉलेज सोडायला आणखी एक कारण होतं. हेवूडचं म्हणणं असं की, रॉबिन्सन सरांना विद्यापीठात कोच करू, असा शब्द त्याला मिळाला होता आणि तो पाळला गेला नाही. वयाच्या विसाव्या वर्षी तो डेन्व्हर रॉकेट्सचा व्यावसायिक खेळाडू झाला.

पहिला हंगाम कसा? सामन्याला ३० गुण, साडेएकोणीस रिबाउंड. सर्वोत्तम नवोदित तोच, लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच्यावर खूश होऊन क्लबने नवा करार केला आणि पेपरात आकडा छापून आला, १९ लाख डॉलर. कापूस वेचणाऱ्या बाईचा पोरगा १९ लाखांचा धनी!

मग कुणीतरी तो करार नीट वाचला.

त्या रकमेतला मोठा भाग हातात येणारच नव्हता. क्लब दरवर्षी छोटी रक्कम कुठल्यातरी फंडात गुंतवणार, ती वाढत जाणार, आणि खेळायचे दिवस सरून कितीतरी वर्षं झाल्यावर हेवूडला हप्ते सुरू होणार. आकडा पेपरसाठी होता. आपल्याकडे चिटफंडवाल्यांनी आणि ‘दामदुप्पट’वाल्यांनी पोळलेली जी मंडळी आहेत, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं, सोबत वकील नाही, घरात इंग्रजी कायद्याचा कागद वाचणारं कुणी नाही. (हो, इंग्रजी त्याची मातृभाषा होती. करारांची भाषा कुणाचीच मातृभाषा नसते.)

हेवूडने डेन्व्हर सोडलं आणि डिसेंबर १९७० मध्ये एनबीएतल्या सिएटल सुपरसॉनिक्सशी करार केला. सिएटलचे मालक सॅम शुलमन हे बंडखोर गृहस्थ. नियम माहीत असूनही त्यांनी सही घेतली. गंमत बघा, हेवूडची शाळेची बॅच १९६७ ची. म्हणजे चार वर्षं पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते. ‘थांब की उन्हाळ्यापर्यंत’ असं म्हणता आलं असतं. पण एनबीएला तेवढी सूटही द्यायची नव्हती. करार नामंजूर, सिएटलवर कारवाईची धमकी. हेवूड आणि शुलमन कोर्टात गेले.

इथून पुढचे काही महिने कुणाही खेळाडूच्या वाट्याला येऊ नयेत असे. खालच्या कोर्टाने मनाई हुकूम देऊन त्याला खेळू दिलं, अपील कोर्टाने तो हुकूम थांबवला. आज खेळायचं, उद्या नाही, परवा बघू. प्रतिस्पर्धी संघ प्रत्येक सामन्याला निषेध नोंदवायचे. परगावच्या हॉलमध्ये माइकवरून घोषणा व्हायची: मैदानावर एक बेकायदा खेळाडू आहे! प्रेक्षक शिव्या घालायचे, बाटल्या फेकायचे. हेवूड एक प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो. सिनसिनाटीला सामन्याआधी त्याच्या हातात कागद टेकवून त्याला हॉलमधून बाहेर काढलं, आणि तो सामना संपेपर्यंत बर्फात बाहेर राहिला.

ऑलिम्पिकमध्ये देशासाठी सुवर्ण आणलं तेव्हा वय १९ होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की, बाळा, तुझं शिक्षण बुडतंय.

१ मार्च १९७१. आपल्याकडे त्या दिवशी लोकसभेच्या मतदानाला सुरुवात झाली होती, ‘गरिबी हटाओ’वाली निवडणूक. तिकडे त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हेवूडच्या बाजूने आदेश दिला. बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं सापडेल की पूर्ण न्यायालयाने मतदान करून त्याला जिंकवलं. तसं नाही. हा एका न्यायमूर्तीने त्याच्या अधिकारात दिलेला अंतरिम आदेश होता. खेळाडूचं वय आणि फॉर्म थांबून राहत नाही, खटला संपेपर्यंत त्याला बाहेर बसवलं तर त्याचं जे नुकसान होईल ते नंतर भरून निघणार नाही, हा त्याचा गाभा. म्हणून खालच्या कोर्टाचा मनाई हुकूम पुन्हा लागू झाला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातले न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी सविस्तर निकाल दिला की सगळ्या संघमालकांनी मिळून एखाद्याला काम द्यायचं नाही असं ठरवणं हा सामूहिक बहिष्कार आहे, आणि मक्तेदारीविरोधी कायद्यात तो बसत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जी मला फार महत्त्वाची वाटते. या नियमात खेळाडूला आपलं म्हणणं मांडायची, अपवाद मागायची सोयच नव्हती. बहिष्कार हा शब्द आपल्याला काही नवा नाही. गावाने मिळून पाणी-पंगत बंद करणं काय आणि मालकांनी मिळून मैदान बंद करणं काय, कोर्टाला त्यात फार फरक दिसला नाही.

एनबीएने तडजोड केली आणि १९७१ पासून नवा नियम आणला. ज्याची आर्थिक अडचण आहे त्याला कॉलेज अर्धवट सोडून येता येईल, पण अडचण सिद्ध करावी लागेल. म्हणजे थोडक्यात, उत्पन्नाचा दाखला आणा! तिकडे तहसील आणि सेतू केंद्र नव्हतं एवढंच. १९७६ मध्ये ही अटही गेली. नुसतं मी येतोय असं कळवलं तरी पुरे झालं.

त्या दारातून पुढे कोण कोण गेलं ते बघा. मॅजिक जॉन्सन दोन वर्षं कॉलेज करून. मायकेल जॉर्डन तीन वर्षं करून. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स तर शाळेतून थेट. ही नावं आपल्या गारखेड्याच्या संकुलावर खेळणारी पोरंही टी-शर्टवर घेऊन फिरतात. हेवूडचं नाव कुणाच्या टी-शर्टवर मी पाहिलेलं नाही.

आता इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण हेवूडचं पुढचं आयुष्य तसं नाही.

सिएटलमध्ये त्याने पाच हंगाम गाजवले. १९७२ आणि १९७३ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम पाच जणांत होता. मग न्यूयॉर्क, झगमगाट, प्रसिद्ध मॉडेल इमानशी लग्न. आणि कोकेन. १९७९-८० मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे आला, मॅजिक आणि करीम यांच्या संघात. अंतिम फेरी सुरू असताना सरावात त्याला झोप लागली. कोच पॉल वेस्टहेड यांनी त्याला संघाबाहेर काढलं. लेकर्स जिंकले, हेवूड घरी. त्याने स्वतःच कबूल केलंय की त्या रागात कोचला मारण्यासाठी त्याने डेट्रॉइटच्या एका गुंडाशी बोलणी केली होती. थांबवलं कुणी? युनिसने. त्या कापूस वेचणाऱ्या बाईने लेकाला ठणकावलं की असलं काही केलंस तर मीच तुला पोलिसात देईन.

मग इटलीत एक हंगाम, परत अमेरिकेत थोडं, आणि १९८३ मध्ये खेळ संपला. व्यसनातून तो बाहेर आला, निवृत्त खेळाडूंच्या संघटनेत पुढे अनेक वर्षं काम केलं. पण बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २०१५ साली. वय ६६. आकडे तर १९७५ लाच पुरेसे होते. कोर्टात गेलेला माणूस व्यवस्था लवकर विसरत नाही, हे आपल्याकडे सेवाज्येष्ठतेसाठी मॅटमध्ये गेलेल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा.

शिक्षणाचा मुद्दा पूर्ण खोटा होता असं मी म्हणणार नाही. विशीतल्या पोराच्या हातात अचानक पैसा आला आणि भोवती धड माणूस नसलं की काय होतं, त्याचं उदाहरण खुद्द हेवूडच आहे. त्याच्या विरोधकांनी हे बोटही दाखवलं. पण माझा साधा प्रश्न आहे. ज्या कॉलेजांनी त्याला स्टार म्हणून वापरलं, त्यांनी त्याला करार कसा वाचायचा एवढं तरी शिकवलं का? आणखी दोन वर्षं तिथं राहून तो ते शिकला असता यावर माझा विश्वास नाही. एजंट आणि क्लबचे वकील त्याच्यासमोर बसले तेव्हा समोरच्या बाजूला फक्त एक उंच पोरगा होता.

या नियमाचा धागा पुढे आपल्या देशापर्यंत येतो. २००५ मध्ये एनबीएने खेळाडू संघटनेशी करार करून पुन्हा वयाची अट आणली: किमान १९ वर्षं, आणि अमेरिकेतला मुलगा असेल तर शाळा संपून एक वर्ष. त्यानंतर शाळेच्या पातळीवरून, कॉलेज न करता आणि कुठेही व्यावसायिक न खेळता निवडला गेलेला पहिला खेळाडू होता पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग. २०१५, डॅलस, ५२ वा क्रमांक. एनबीएच्या निवडीत नाव आलेला पहिला भारतीय. शेतकऱ्याचा पोरगा, सात फुटांच्या वर उंची, १४ व्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेलेला. मुख्य लीगमध्ये मात्र त्याला एकही सामना मिळाला नाही. पुढे उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षं बंदी, आणि आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या शोमध्ये दिसतो. २०१५ मध्ये मथळे देणाऱ्या आमच्या बिरादरीने नंतर त्याची किती विचारपूस केली, तो वेगळा विषय.

आणि अमेरिकेतला तो ‘हौशी’पणा? जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कॉलेज संघटनेच्या विरोधात निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकून जाहिरातींचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. ज्याच्यासाठी हेवूडला बर्फात उभं केलं, ते आता दर महिन्याच्या व्यवहारात बसलंय.

आपल्याकडचं चित्र उलट. इथं कॉलेज खेळाडूला रोखणारा नियम नाही, कारण रोखण्यासारखं काही नव्हतंच. दहावी-बारावीला वाढीव गुण, मग सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हाच आपला ‘व्यावसायिक’ मार्ग. त्या ५ टक्क्यांवरही बोगस प्रमाणपत्रवाल्यांनी डल्ला मारला, आणि घामाचं प्रमाणपत्र असलेली पोरं पडताळणीच्या रांगेत उभी राहिली. पण २०१४ ला प्रो कबड्डी आली, २०२२ ला अल्टिमेट खो-खो आली. विशीतली खेड्यातली पोरं आता लिलावात जातात, करारावर सह्या करतात. मागे एका कबड्डीपटूचे वडील ओळखीतून माझ्याकडे कागद घेऊन आले होते. इंग्रजीत, बारीक टायपात. त्यांचा प्रश्न एकच होता: दुखापत झाली तर पैसे मिळतात का? ते कलम शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि सापडल्यावर त्याचा अर्थ लावायला एका वकील मित्राला फोन करावा लागला.

आपल्या विद्यापीठात विधी विभाग आहे, शारीरिक शिक्षण विभागही आहे. जिल्हा क्रीडा कार्यालय आहे, वकील संघ आहे. आठवड्यातून एक दिवस, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खेळाडूचा करार फुकट वाचून मराठीत सांगणारा एक ज्युनियर वकील, एवढ्याला कुठला निधी लागतो? कुणाची तयारी असेल तर कळवा, टेबल माझ्याकडे आहे.